गाडी डावीकडे ओढतेय : अलाइनमेंट करायचं की टायरवाल्याला लांबूनच नमस्कार?

चिंचोका
मंडळी, एक शंका आहे. आठ वर्षं जुनी हॅचबॅक, ६२,००० किमी झालेत. टायर १८५/६५ आर१५, दुसरा सेट, त्यावर २२,००० झाले असतील. गणपतीत कुंभार्ली घाटातून गुहागरला जाऊन आलो. तेव्हापासून गाडी किंचित डावीकडे जाते असं वाटतंय. "वाटतंय" हा शब्द मुद्दाम वापरला, कारण बायकोला ती सरळ जाते असं वाटतं.

परवा स्टेपनीत हवा भरायला गेलो. तिथल्या पोराने गाडीसमोर उकिडवं बसून, एक डोळा मिटून निदान केलं : "साहेब, अलाइनमेंट आउट आहे. कॅम्बरपण गेलाय." अलाइनमेंट ५००, चार चाकांचं बॅलन्सिंग ४००, कॅम्बर दोन चाकांचा १,२००, वर नायट्रोजन. शिवाय दर ५,००० किमीला हे करायचंच असतं म्हणे. मी "घरी विचारून सांगतो" म्हणून पळ काढला.

तर प्रश्न असा : मशीनवर न चढवता, आपल्या आपण कसं ठरवायचं की अलाइनमेंटची खरंच गरज आहे?

निवांत
गुहागरला जाऊन आलात ना? मग विचारताय काय! गाडीचं सोडा, आधी पाठीच्या मणक्यांचं अलाइनमेंट करून घ्या.

अवलिया_नाशिककर
दर ५,००० ला डोळे मिटून करा. एका टायरला चार-पाच हजार मोजायचे आणि पाचशे रुपयांसाठी विचार करत बसायचं? मी गेली बारा वर्षं करतोय, टायरचा कधी त्रास नाही.

खडूफळा
@अवलिया, दर ५,००० ला केलं नसतं तरी त्रास झाला नसता, हे तुम्हाला कसं कळणार? गावात वाघ येऊ नये म्हणून रोज थाळी वाजवणाऱ्यासारखं आहे हे. वाघ येत नाही ही गोष्ट खरी.

अवलिया_नाशिककर
वाजवू द्या ना मला थाळी. माझी थाळी, माझे पाचशे.

पाना१४१५
कोल्हापुरात गॅरेज आहे, रोज हेच बघतो म्हणून लिहितो. उकिडवं बसून, एक डोळा मिटून कॅम्बर दिसत नाही भावा. दिसला तर चाक इतकं वाकडं आहे की गाडी उचलून आणायची वेळ आली आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या टाईपच्या लहान गाड्यांना पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरचा एकत्र खांब) आणि मागे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध बीम असतो. त्यात पाना लावून फिरवायची एकच गोष्ट असते, पुढच्या चाकांचा टो. म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही चाकं समांतर आहेत, का चवड्यांसारखी आत किंवा बाहेर वळलीत. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंग आणि चाक जोडणारी दांडी. तिचा लॉकनट ढिला करायचा, रॉड फिरवायचा, परत आवळायचा. झालं अलाइनमेंट. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय ते. काही गाड्यांत स्ट्रटच्या बोल्टाला थोडी जागा असते, तेवढ्यात तो हलतो. नाहीतर हे लोक हायड्रॉलिक जॅक लावून धातूच वाकवतात आणि त्याला "कॅम्बर करेक्शन" म्हणतात. मला ते पटत नाही. कॅम्बर खरंच गेला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधून बदलायचं, आणि दुसरं काही वाकवून हिशोब जुळवायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : गाडी ओढते म्हणजे टो बिघडला, असं नसतं. पुढचा टो बिघडला तर दोन्ही चाकं भांडण आपसात वाटून घेतात आणि गाडी सरळच जाते. मालकाला वाटतं, गाडी झकास. तिकडे टायर गुपचूप खाल्ला जातो.

राधाक्का
पाना यांचा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावायला हवा. माझ्या आधीच्या गाडीचं असंच झालं. बाणासारखी सरळ जायची. सर्व्हिसिंगला दिली तर पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत गेलेले! बाहेरून बघाल तर नवेकोरे. आपण गाडीभोवती फिरून टायर बघतो ते बाहेरच्या अंगाने, आतली कड कोण बघतं?

चिंचोका, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि गाडी बंद करा. मग टायरचा आतला भाग पुढे येतो, वाकावंही लागत नाही फारसं. माझ्या गुडघ्यांनाही जमतं.

चिंचोका
बघतो आजच. पण मग गाडी ओढते ती कशाने?

पाना१४१५
शंभरात साठ वेळा हवेने. हा माझा गल्ल्यावरचा अंदाज, मोजलेलं नाही. ज्या बाजूला हवा कमी त्या बाजूला ओढते. टायर थंड असताना चारही चाकं बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. आणि स्वतःच्या गेजने बघा. पंपावरच्या गेजवर माझा भरवसा नाही.

दुसरं, रस्ता. आपल्याकडे रस्त्याला पाणी निघून जायला उतार दिलेला असतो. डांबरी रस्त्याला साधारण दोन-अडीच टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर. आपण डाव्या अंगाने चालवतो, त्यामुळे प्रत्येक धडधाकट गाडी थोडी डावीकडे सरकणारच. न सरकली तर मला शंका येते.

तिसरं, ब्रेक चिकटलेला. पाच-सात किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवा, उतरून रिमच्या जवळ हात न्या. जवळ म्हणतोय, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतोय.

चौथं, टायरच. आतल्या पट्ट्यांची बांधणी किंचित तिरकी असली तर तो शंकूसारखा एका बाजूला लोळतो. पुढचे दोन टायर आपसात बदलून बघायचे. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका.

खडूफळा
पाना, तुम्ही वर्ग घ्या, मी पहिल्या बाकावर बसतो. (एरवी मी फळ्यापाशी असतो.)

स्टुटगार्टकर
उताराचा मुद्दा एकदम पटला. इथे जर्मनीत आपण उजवीकडून चालवतो, आणि इथल्या लोकांची तक्रार असते की गाडी उजवीकडे ओढते! पुण्याहून नवीन आल्यावर मला वाटलं होतं, माझ्या हातातच दोष आहे.

इथे हिवाळी टायर "ओ ते ओ" वापरायची रीत आहे, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, ईस्टर. वर्षातून दोनदा चाकं उतरतातच, तेव्हा चारही टायर हातात घेऊन झीज बघता येते. आपल्याकडे चाक उतरतं ते पंक्चर झाल्यावरच.

निवांत
आमच्याकडे पण ओ ते ओ असतं. ओढ्यापासून ओढ्यापर्यंत रस्ता.

स्टुटगार्टकर
अवांतर : पुढची दोन चाकं वळताना वेगवेगळ्या कोनात वळावीत ही कल्पना म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्याची. १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट मात्र त्याच्या एजंटाने, अकरमनने घेतलं. आता जगभर त्या रचनेला "अकरमन" म्हणतात.

निवांत
एजंट लोक तेव्हापासूनच असे.

सातारी_तोफ
घोडागाडीवरून आठवलं. आमचे आजोबा बैलगाडी चालवायचे. दुसऱ्याची गाडी रस्त्याने गेली की ते गाडीकडे बघायचे नाहीत, मागची चाकोरी बघायचे. चाकाची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, असते दोन-अडीच बोटं रुंद. मातीतली रेघ तेवढीच आणि काठ कोरीव असतील तर गाडी चांगली. रेघ रुंद, फरफटल्यासारखी आणि एका काठाला माती ढकललेली दिसली की म्हणायचे, "आख वाकलाय त्येचा, बैलं मरत्यात फुकट." गाडीवानाला हाक मारून सांगायचेसुद्धा. शिव्या खायचे ते निराळं.

तुमचा तो टो म्हणजे हेच दिसतंय. फक्त डांबरावर चाकोरी उमटत नाही.

राधाक्का
वा सातारी! डांबरावर उमटत नाही, टायरवर उमटते ना. तळहात टायरवरून आडवा फिरवायचा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर चाक तिरकं घासत चाललंय. माझ्या वडिलांच्या पद्मिनीचा मेकॅनिक असंच करायचा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखा फिरवायचा आणि म्हणायचा, "उलटी बोलतेय." मग सुतळी काढायचा, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणायचा आणि फूटपट्टीने अंतर मोजायचा. तासभर लागायचा, पण काम चोख.

(हात फिरवण्याआधी टायरवर काच, तार, खिळा नाही ना ते बघा. माझ्या बोटाला खूण आहे.)

अवलिया_नाशिककर
सुतळी आणि मांजर! लेझरच्या जमान्यात. पाचशे रुपये द्या आणि मोकळे व्हा हो.

पाना१४१५
@अवलिया, तुमच्यावर राग नाही, पण मशीनचा एक घोटाळा सांगतो. मशीन फक्त मोजतं. टाय रॉड एंड ढिला असेल, लोअर आर्मचं (चाक खालून धरणाऱ्या दांडीचं) रबरी बुश फाटलेलं असेल, तर रॅम्पवर आकडे हिरवे येतात आणि पहिल्या गतिरोधकाला पुन्हा लाल होतात. म्हणून आधी गाडी उचलून चाक हलवून बघायचं. हात तीन आणि नऊच्या काट्यावर धरून हलवलं आणि खटखट लागली तर बहुधा स्टिअरिंगच्या जोडात ढिलेपणा. बारा आणि सहावर धरून लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे न बघता जो थेट रॅम्पवर घेतो, त्याच्याकडून उठून यावं.

आणि दोन कागद मागायचे, आधीचा आणि नंतरचा. "आधीचा प्रिंट निघत नाही साहेब" म्हणाला तर समजून जा.

मृण्मयी_के
वाचतेय. एक बावळट प्रश्न : माझी गाडी ९० च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं. ते पण अलाइनमेंटच का?

पाना१४१५
नाही ताई, ते बॅलन्सिंग. चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसलं की साधारण ८० ते १०० ला थरथर येते. रिमला चिकटवलेलं वजन पडलं असेल, किंवा पावसाळ्यानंतर रिमच्या आत चिखल वाळून बसला असेल. आधी आतून धुवून घ्या. निम्म्या वेळा फुकटात काम होतं. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर मात्र डिस्क बघा.

मृण्मयी_के
धन्यवाद! धुऊन सांगते.

खडूफळा
आता थोडं गणित. चिंता नको, दहावीपर्यंतचंच आहे. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. दोन चाकांमधल्या, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांवर मोजलेल्या अंतरांत एकूण ३ मिमी फरक असेल, तर दोन्ही चाकांत मिळून ३ भागिले ३८१, म्हणजे साधारण ०.४५ अंशाचा कोन. एका चाकाच्या वाट्याला त्याच्या निम्मा. आता चाक जायचं तिथून एवढं तिरकं असेल, तर एक किलोमीटर पुढे जाताना ते जवळजवळ चार मीटर आडवं ढकललं जातं. दर किलोमीटरला चार मीटर! आणि हे डोळ्याला न दिसणाऱ्या तीन मिलिमीटरमुळे.

स्टुटगार्टकर
गणित बरोबर, पण सगळे चार मीटर घासत जात नाहीत. रबर लवचीक असतं, बरंचसं ते स्वतःच वाकून पचवतं. घासतो तो उरलेला भाग. तरी कल्पना यायला उत्तम.

खडूफळा
मान्य. "ढोबळमानाने" हा शब्द राहिला. मार्क कापा.

सातारी_तोफ
म्हणजे आजोबा बरोबर होते, बैलं फुकट मरत होती.

निवांत
या धाग्यावर आधी गाडी डावीकडे जात होती, आता धागाच इतिहास, भूगोल, गणित करत चाललाय. धागाकर्ते कुठे आहेत? टायरखाली शिरले ते बाहेर आलेच नाहीत का?

चिंचोका
आलो, आलो. तीन आठवडे झाले, पण सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. क्रमाने सांगतो.

पहिल्याच रविवारी सकाळी गेज घेऊन बसलो. उजवं पुढचं ३३, डावं पुढचं २६! टायरवर साबणाचं पाणी ओतलं तर एका खाचेतून बारीक बुडबुडे. आखूड स्क्रू घुसला होता, डोकं झिजून रबराच्या पातळीला आलेलं, नुसत्या डोळ्यांनी काळा ठिपका वाटावा असं. पंक्चर काढलं १५० रुपयांत. ओढ जवळपास गेली.

"जवळपास", कारण ऑफिसला जाताना अजूनही जरा डावीकडे वाटायची. मग एका सुट्टीच्या पहाटे रिकाम्या दुपदरी रस्त्यावर आधी डाव्या लेनमधून, मग दुभाजकाकडच्या लेनमधून, ६० च्या वेगाने स्टिअरिंग दोन बोटांत सैल धरून चालवलं. डावीकडे सरकली, पण दोन्हीकडे सारखीच.

पाना१४१५
बरोबर. दुभाजक असला की तुमच्या बाजूचा अख्खा रस्ताच बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाला उतरता असतो. लेन बदलून फरक पडत नाही. सपाट जागा लागते.

चिंचोका
हो, ते नंतर लक्षात आलं. एका मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये सुरक्षारक्षकाची परवानगी काढली, त्याला वाटलं मी गाडी शिकतोय. तिथे एकदा जाताना, एकदा येताना चालवलं. दोन्ही वेळा सरळ. म्हणजे उरलेली ओढ रस्त्याचीच.

इथे थांबलो असतो तर गाडी ठणठणीत म्हणून धागा बंद केला असता. पण राधाक्कांनी सांगितल्याप्रमाणे स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडा बघितल्या. डावीकडे तर झिजेची खूण असलेला १.६ मिमीचा उंचवटा रबराच्या बरोबरीला यायला आला होता. बाहेरच्या कडेला मात्र पाच मिमी शिल्लक. हात फिरवला. आत जाताना किसणी, बाहेर येताना मखमल. बायकोला बोलावून तिचाही हात फिरवायला लावला, कारण "तुला वाटतंय" हे पुन्हा ऐकायचं नव्हतं. तिने हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, आणि स्टिअरिंग किती दिवस वाकडं धरतोयस तू?"

मंडळी, सरळ रस्त्यावर माझं स्टिअरिंग बोटभर उजवीकडे असायचं आणि मला पत्ता नव्हता. सवय! ती कधीतरीच चालवते, म्हणून तिला लगेच दिसलं.

राधाक्का
बायकोला आधीच विचारलं असतंत तर धागा लागला नसता.

मृण्मयी_के
+१००

चिंचोका
मग दुसऱ्या गॅरेजात गेलो, जिथे आधी गाडी उचलून चाकं हलवतात तिथे. तीन-नऊवर धरल्यावर उजव्या चाकाला खट्ट. टाय रॉड एंड गेलेला. मला हात लावून बघायला लावलं त्यांनी, दात हलतो तसा हलत होता. बहुतेक येताना चिपळूणच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळलो होतो, तिथलाच प्रसाद. तो बदलला, मजुरीसकट ९५० रुपये, मग अलाइनमेंट ५००. आधीच्या कागदावर एकूण टो ०.५२ अंश बाहेर, लाल. नंतरच्यावर शून्याच्या जवळ, हिरवा. कॅम्बर पहिल्यापासून हिरवाच होता. ते १,२०० वाचले!

पुढचे टायर मागे टाकले आहेत, डावा फार दिवस चालणार नाही म्हणाले.

खडूफळा
०.५२? थांबा, पेन घेतो. एका चाकाला ०.२६ अंश, म्हणजे किलोमीटरला साडेचार मीटर. गणपतीपासून किती चालली गाडी?

चिंचोका
साडेतीन हजार.

खडूफळा
३,५०० गुणिले साडेचार मीटर, पावणेसोळा किलोमीटर. ढोबळमानाने तुमचं प्रत्येक पुढचं चाक स्वारगेटहून जवळजवळ खडकवासल्यापर्यंत आडवं गेलंय.

निवांत
आणि तिथे भजी न खाताच परत आलंय.

अवलिया_नाशिककर
शेवटी अलाइनमेंट करावंच लागलं ना? मी पहिल्या दिवशीच सांगत होतो.

पाना१४१५
तुमचं ऐकून पहिल्याच दिवशी त्या पोराकडे केलं असतं तर ढिला रॉड तसाच राहिला असता आणि महिन्यात परत आकडे लाल. वर कॅम्बरच्या नावाखाली चांगली चाकं वाकवून दिली असती. पण ५,००० ला निदान टायर तरी उलटसुलट बघताय, ते चांगलं करताय. तेवढं मान्य.

अवलिया_नाशिककर
कोल्हापूरकरांकडून "मान्य" मिळालं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मृण्मयी_के
रिम धुतले. वाळलेल्या चिखलाची अक्षरशः ढेकळं निघाली. थरथर गेली! पाना, कोल्हापूरला आले तर मिसळ माझ्याकडून.

भटक्या_बेळगावी
सगळा धागा एका दमात वाचला. माझी गाडी उजवीकडे ओढते. इथेच विचारू की नवीन धागा काढू?

निवांत
आधी हवा बघा.